पहारेकऱ्यालाच संशयित ठरवू नका!

२६ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला दोन कारणांनी आठवते. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारले आणि २००८ साली याच दिवशी समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला चढवला. १६६ माणसे मेली. निव्वळ लाठीनिशी कसाबला भिडलेले तुकाराम ओंबळे सर्वांना ठाऊक आहेत. पण या कटाचे पहिले बळी मुंबईत नव्हे, भर समुद्रात पडले, हे किती जणांना आठवते? पोरबंदरच्या 'कुबेर' बोटीवरचा तांडेल आणि त्याचे चार खलाशी! आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरलेल्या त्या अनोळखी पोरांना पहिल्यांदा हटकले ते कोणी? कोळ्यांनीच.

नौदलाची अडचण समजून घ्या. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडन बंदरात अमेरिकेच्या 'कोल' या युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी होडी भिडली आणि १७ नौसैनिक ठार झाले. हजारो मासेमारी बोटींमध्ये शत्रूची बोट कोणती, हे क्षेपणास्त्र सांगत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. प्रादेशिक समुद्र तटरक्षक दलाकडे, किनाऱ्यालगतचे पाणी सागरी पोलिसांकडे. 'सागर प्रहरी बल' उभे राहिले. तरीही ३१ जुलै २०११ रोजी 'एम. व्ही. पवित' हे बेवारस तेलवाहू जहाज वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूत रुतले! नंतर रडारची साखळी आली. पण रडारला ठिपका दिसतो. त्या ठिपक्यातला माणूस आपला की परका, हे सातपाटीचा नाखवाच सांगू शकतो.

मग किनाऱ्याला भगदाड पाडले कोणी? १९९३ च्या फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले, ते कोळ्यांच्या गाफीलपणामुळे नव्हे. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातील माणसांनाच टाडा न्यायालयाने पुढे दोषी ठरवले. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ जीव गेले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हाच धोका सांगितला होता. सिंधवर स्वारी झाली तेव्हा राजा दाहिरच्या सेनापतींनी लाच खाऊन लढायचे नाकारले, याची आठवण त्यांनी सभागृहाला करून दिली होती. आणि विषमता ठेवाल तर तिचे चटके सोसणारेच ही लोकशाही उधळून लावतील, हेही त्याच भाषणात बजावले होते.

आता पालघरकडे पाहा. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून या किनाऱ्यावर उभे आहे. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पुनर्वसनासाठी त्या लोकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या एकाच व्यासपीठावरून दोन गोष्टी झाल्या. १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला आणि ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. म्हणजे बोटीवर नजर ठेवायचे यंत्र द्यायचे आणि बोट जिथे जाते तो समुद्रच काढून घ्यायचा! जी माणसे पहाटे अंधारात पाण्यावर असतात, ती उद्या किनाऱ्यावरूनच उठली तर 'देशाचे डोळे आणि कान' कोण होणार?

डहाणू-तलासरीचा आदिवासी तरुण पोटासाठी गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. पाण्यात रेघ नसते. तो पाकिस्तानच्या तुरुंगात सडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानी यंत्रणेने गोळ्या झाडल्या, त्यात पालघरच्या वडराईचा खलाशी मेला. सीमेवर मरणाऱ्या जवानाला देश सलाम करतो, करायलाच हवा. मग या खलाशाच्या घरी कोण जातो?

आम्ही सुरक्षेच्या विरोधात नाही. ज्या बाबासाहेबांनी महार रेजिमेंटच्या उभारणीसाठी आग्रह धरला, त्यांच्या अनुयायांना देशरक्षण शिकवण्याची गरज नाही. ओळखपत्र द्या, ट्रान्सपाँडर द्या. पण ओळखपत्र घरी राहिले म्हणून कोणाला चौकीत डांबू नका; अनुच्छेद २१ आणि २२ भरतीच्या रेषेपाशी संपत नाहीत. कोळी आणि आदिवासी तरुणांची सागरी पोलिसांत भरती करा. तुरुंगात अडकलेल्या खलाशांच्या कुटुंबांना तो सुटेपर्यंत निर्वाह भत्ता द्या. आणि 'सागर कवच'च्या सरावापुरती कोळीवाड्याची आठवण काढणे थांबवा.

ज्याच्याकडून पहारा हवा, त्याचा हक्क आधी मान्य करा. हक्क नाकारलेला माणूस पहारा देईल, ही अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याच सरकारला नाही.