आधी काटा ओळखा, मग फ्लोट घ्या!

जुनी गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत रंग, क्रोमचा बंपर आणि बॉनेटला टेकून काढलेला फोटो. पण मित्रांनो, टाकीत पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा डॅशबोर्डवरचा इवलासा काटा खरं बोलतो की खोटं, हे कोणी विचारतं का? कुडव्याहून निघून नागझिऱ्याच्या जंगलातल्या रस्त्यावर काट्याने 'अर्धी टाकी' दाखवावी आणि गाडीने आचके देऊन गप्प बसावं, तेव्हा मात्र सगळ्यांना काटा आठवतो!

या काट्याचा खरा मालक टाकीत बसलेला असतो. इंग्रजी कॅटलॉगात त्याला 'सेंडर' म्हणतात, गॅरेजमध्ये 'फ्लोट'. रचना अगदी साधी. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याची दांडी आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला तारेच्या गुंडाळीवर सरकणारा कॉन्टॅक्ट. पातळी बदलली की रेझिस्टन्स बदलतो, करंट बदलतो आणि काटा हलतो. पहिल्या वर्षाचा ओहमचा नियम, दुसरं काही नाही.

आता हा फ्लोट खराब झाला की दुकानातून 'युनिव्हर्सल' आणायचा, ही आपली पद्धत. "कोणताही लाव ना बे, सारे सारखेच!" माझा वाद इथेच आहे. सारे सारखे नसतात. युरोपियन पद्धतीच्या सेंडरमध्ये टाकी रिकामी असताना साधारण १० ओहम आणि भरल्यावर १८० ओहम असतात. अमेरिकन 'स्टुअर्ट वॉर्नर' पद्धतीत बरोबर उलटं : रिकामी २४०, भरलेली ३३. जुन्या जनरल मोटर्सचं ० ते ३०, नंतरचं ० ते ९०. फोर्डचं रिकामी ७३, भरलेली १०. समजा मीटर २४०–३३ चा आहे आणि तुम्ही १०–१८० चा सेंडर बसवला. टाकी कोरडी ठणठणीत, रेझिस्टन्स १० ओहम, आणि काटा 'फुल्ल' वर! बंद पडलेला काटा परवडला, कारण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी मीटर ओळखा, मग सेंडर घ्या. मीटर टाकीपासून लांब, बाकावर काढून घ्या. त्याला गाडीतल्यासारखाच सप्लाय द्या (काही मीटरना स्टॅबिलायझरमधून सुमारे १० व्होल्टच लागतात, त्यांना थेट १२ देऊ नका). सेंडरच्या टर्मिनलला ५ वॅटचा, ० ते २५० ओहमचा बदलता रेझिस्टन्स जोडा. काटा रिकामी, अर्धी आणि भरलेली या खुणांवर कधी येतो ते वहीत लिहा. अर्ध्या तासाचं काम! त्याच लॅबमध्ये आपण जर्नल पूर्ण करायला याहून कितीतरी निरुपयोगी रीडिंग्ज घेतलेली आहेत.

दुसरा मुद्दा मापाचा. टाकीची खोली २०० मिलिमीटर असेल तर दांडीची बिजागरी मध्यावर, म्हणजे १०० वर हवी. दांडी खोलीच्या साधारण ०.७ पट, म्हणजे १४० च्या आसपास. मग ती ४५ अंश वर आणि ४५ अंश खाली फिरते. फ्लोट तळाला नि छताला घासू नये एवढी जागा सोडायची. शिवाय फ्लोट उंची सांगतो, लिटर नाही. टाकी खाली निमुळती असेल तर अर्ध्या उंचीला अर्धं पेट्रोल नसतंच. म्हणून बसवल्यावर ५-५ लिटर ओतत काट्याच्या जागा टिपून घ्या.

तिसरा मुद्दा आजच्या पेट्रोलचा. देशात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता ते सगळीकडे आहे. खूप जुन्या गाड्यांत बुचाच्या फ्लोटला लाखेचा लेप असायचा. लाख म्हणजे काय हे गोंदियाकरांना सांगायला नको. सुतार तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात. मग इथेनॉलमध्ये ती टिकेल कशी? लेप गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. तेव्हा फ्लोट पितळी, नीट झाळलेला किंवा इथेनॉल चालेल असं लिहिलेला घ्या. काही जण सांगतात, कपॅसिटिव्ह सेंडर लावा, हलणारे भागच नकोत. पण पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २ च्या आसपास, तर इथेनॉलचा २४ च्या पुढे. नुसत्या पेट्रोलवर जुळवलेला सेंडर मिश्रणात चुकणारच. माझं मत साध्या रेझिस्टन्सच्या बाजूने.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? नवा मीटर आणि नवा सेंडर अशी जोडीच घ्या! चालेल काटा, मान्य. पण गाडीचा चेहरा गेला त्याचं काय? कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या हौशी लोकांच्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांवरच्या 'व्हिंटेज' गाडीसाठी मूळ रूप जपण्याचीच अट आहे. तेव्हा पहिली पसंती जुनाच सेंडर साफ करून, तार पुन्हा गुंडाळून वापरण्याला. नाहीच जमलं तर मीटरला जुळणारा नवा. आणि जुने पार्ट भंगारात नको, डब्यात ठेवा.

दोन गोष्टी विसरू नका. नव्या रंगामुळे टाकीचा अर्थ तुटतो आणि दोष बिचाऱ्या सेंडरवर येतो. म्हणून वेगळी अर्थ वायर द्या. आणि सेंडरची भोकं जुळली नाहीत म्हणून टाकीला ड्रिल लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. ते काम टाकी धुऊन, वाफमुक्त करून देणाऱ्या जाणकार मिस्त्रीचंच.

फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा गावातली एखादी जुनी जीप किंवा पद्मिनी शोधा आणि तिचा काटा खरा करून दाखवा. खर्च थोडा, पण मोजल्याशिवाय पार्ट घ्यायचा नाही ही सवय मात्र जन्मभर पुरेल.