कोमट माणसांची तक्रार

फराळाचे ताट शेजारी ठेवून दिवाळी अंक उघडणाऱ्या मंडळींपुढे आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरातले भांडण काढावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण दिवाळीला ज्या शेजाऱ्यांकडे आम्ही चकल्या खातो आणि नाताळला जे आमच्याकडच्या करंज्या खातात, त्यांच्यापासून लपवण्यासारखे त्यात काही नाही. उलट वाचता वाचता कुणाला आपल्याच घराची आठवण झाली, तर मला नवल वाटणार नाही.

माझी तक्रार नास्तिकाविरुद्ध नव्हे. तो बिचारा निदान विचार करून ‘नाही’ म्हणतो. तक्रार आहे ती आमच्यातल्या सुखवस्तू भाविकाविरुद्ध, आणि त्यात पहिला आरोपी मीच. लहानपणी बाप्तिस्मा झाला, रविवारी ठरलेल्या बाकावर बसतो, वर्गणी वेळेवर देतो, डिसेंबरात दारी चांदणी टांगतो. आणखी काय हवे? नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकात लावदिकीया गावच्या मंडळीवर मोठा ठपका आहे. तो चोरीचा नाही की खुनाचा नाही. तो कोमटपणाचा आहे. आम्ही तो वाचतो, ‘आमेन’ म्हणतो आणि घरी जेवायला जातो!

पंडिता रमाबाईंचे पाहा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि स्वकीयांचा रोष पत्करला. आमच्यासारख्याला एवढे पुण्य जन्मभर पुरले असते. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि विधवांना शिकवू लागल्या. तरीही पुढे आपली हकीगत सांगताना या बाईंनी स्वच्छ कबूल केले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. असा कबुलीजबाब द्यायला छाती लागते. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. कोवळ्या वयात रमाबाईंचे स्वतःचे आईबाप दुष्काळातच गेले होते. तो देखावा पुन्हा पाहायला कोण जाईल? त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावी जे घर उभे राहिले, ते मुक्तिसदन.

रेव्हरंड टिळकांचीही तीच गोष्ट. बाप्तिस्मा १८९५ चा. कवी म्हणून नाव झालेले, मिशनचे काम, संसार स्थिर. पण १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, पगाराची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. पंचावन्नाव्या वर्षी आम्ही पेन्शनचा हिशेब मांडतो!

यावर आमचे शहाणे लोक म्हणतील, ‘‘अति तेथे माती. एवढी तळमळ माणसाला धर्मवेडा करते.’’ हे साफ खोटे आहे. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ज्याने स्वतःला पुरते देऊन टाकले, त्याला दाराशी पहारा ठेवण्याची गरज वाटत नाही. कुंपणे घालतो तो अर्धवट भाविक. कारण कुंपणाखेरीज त्याच्याजवळ राखण्यासारखे काही उरलेलेच नसते.

पुरावा हवा? गेल्या वर्षी माझ्या पुतणीला स्थळ आले. मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, निर्व्यसनी. मी चहाचा पेला खाली ठेवून पहिला प्रश्न केला, ‘‘ते मूळचे कोण?’’ आमच्या समाजात या तीन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो. पणजोबांची जात विचारण्याची ती सभ्य रीत आहे. पुतणी म्हणाली, ‘‘काका, मग बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले तरी काय?’’

मी रागावलो. लहान तोंडी मोठा घास, असेही म्हणालो. रात्री मात्र झोप लागली नाही. इतकी वर्षे प्रभुभोजनाला ज्यांच्या शेजारी गुडघे टेकले, त्यांच्या घरी आपली मुलगी द्यायला मी तयार नव्हतो. मग त्या मेजावर मी खाल्ले ते काय?

तेव्हा, माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो, मनापासूनची श्रद्धा म्हणजे मोठ्याने प्रार्थना करणे नव्हे, की शेजाऱ्याच्या देवाला नावे ठेवणे नव्हे. आपल्या घरातली एक जागा अशी असते, की जिथे आपण ख्रिस्ताला अजून पाऊल टाकू दिलेले नाही. कुणाची ती तिजोरी असेल, कुणाचा जुना भाऊबंदकीचा दावा. माझी ती सोयरीक होती. ती जागा उघडल्यावाचून बाकीची सारी उपासना म्हणजे दारातली चांदणी. दिसते छान, पण तिच्या उजेडात घरातले काही दिसत नाही.

त्या मुलाच्या घरी होकार मी स्वतः जाऊन कळवला. त्यांच्याकडे जेवलोही. त्यांनी आम्हांला मूळचे कोण म्हणून विचारले नाही.