नळीखालचा उजेड
ह्यूस्टनला मावसभावाकडे गेलो होतो, तेव्हा त्याने उशाजवळच्या कुलूपबंद पेटीतलं पिस्तूल काढून दाखवलं. नळीखाली अंगठ्याएवढा टॉर्च. खटका दाबला की डोळे दिपवणारा पांढरा झोत. ‘अंधारात समोर कोण आहे ते कळायला नको?’ तो म्हणाला. हवंच की. जेफ कूपर या अमेरिकी नेमबाजी-प्रशिक्षकाच्या चार नियमांतला चौथा तेच सांगतो: लक्ष्य ओळखल्याशिवाय गोळी नाही. पण दुसरा नियम म्हणतो, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका. आणि या टॉर्चची गोम अशी की जिकडे उजेड तिकडे नळी. रात्री दोनला फ्रिजपाशी खुडबुड करणारा ‘चोर’ दहावीतला पोरगाही असू शकतो; म्हणजे त्याला ओळखायला आधी त्याच्यावरच पिस्तूल रोखायचं! म्हणून जाणकार झोत खाली जमिनीवर टाकायला शिकवतात. परतलेल्या उजेडातही चेहरा दिसतो. शिवाय हातातला साधा टॉर्च वेगळा ठेवाच, म्हणतात. भावाचं हे प्रात्यक्षिक चाललं होतं भर दुपारी, पडदे ओढून. शेवटी वहिनी कंटाळून उठली आणि तिने भिंतीवरचं बटण दाबलं.