दमणे वेगळे, चालणे वेगळे

आपल्या वस्तीत कुणालाही "रोज थोडे चालत जा" असे सांगितले की उत्तर ठरलेले असते. "दिवसभर पायांवरच असतो, आणखी काय चालायचे?" चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे किंवा सफाईच्या कामावर जाणाऱ्या भावांचे हे म्हणणे खोटे नाही. तरीही आम्हाला वाटते की कामातले दमणे आणि मोकळे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडच्या गिरणी कामगारांना हे सव्वाशे वर्षांपूर्वीच कळले होते. म्हणून आज केझिक गावाबद्दल सांगतो.

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांतले हे एक छोटे बाजाराचे गाव. शनिवारी तिथे आजही भर रस्त्यात बाजार भरतो. गावाला लागून डरवेंटवॉटर हा तलाव आणि मागे ९३१ मीटर उंचीचा स्किडॉ डोंगर. लोक इथे आठवडाभर खोली घेऊन राहतात, रोज एक वाट चालतात आणि संध्याकाळी मुक्कामाला परततात. तलावाची पूर्ण फेरी सुमारे १६ किलोमीटरची आहे. मध्येच दमलेल्या माणसाला धक्क्यावरून लाँच पकडून गावात येता येते. चढ न झेपणाऱ्यांसाठी जुन्या रेल्वेमार्गावरची सोपी वाट आहे.

ही चैन श्रीमंतांचीच राहिली असती. लँकेशायरच्या कापड गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहत आणि कामगार वर्षभराची बचत समुद्रकिनारी उडवून येत. १८९१ मध्ये कोल्न गावचे धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड कामगारांची एक तुकडी घेऊन याच डोंगरांतल्या अँबलसाइडला चार दिवस चालायला गेले. त्यातून १८९३ मध्ये सहकारी सहलींची संस्था उभी राहिली. साधी खोली, साधे जेवण, परवडणारा खर्च आणि स्त्री-पुरुष सगळ्यांना जागा. लेनर्ड यांच्या स्मरणाची पाटी आज डरवेंटवॉटरवरच्या कॅटबेल्स डोंगरावर आहे.

पण पैसा जमवून भागत नाही, वाटही मोकळी लागते. १८८७ मध्ये केझिकजवळच्या लॅट्रिग टेकडीची वाट जमीनमालकाने बंद केली. १ ऑक्टोबरला सुमारे २००० माणसे अडथळे ओलांडून वर चालत गेली. प्रकरण कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन शिखराकडे जाणारी वाट लोकांसाठी खुली राहिली. १९०२ मध्ये तलावाकाठचे ब्रँडलहाऊ हे रान लोकवर्गणीतून विकत घेऊन सर्वांना खुले केले गेले. त्या वर्गणीत कामगारांनी पाठवलेल्या छोट्या रकमाही होत्या.

आज केझिक महाग झाले आहे. अनेक घरे पाहुण्यांना भाड्याने दिली जातात, आणि हॉटेलात राबणाऱ्यांनाच गावात घर परवडत नाही. त्यामुळे तिकडे जा असे आम्ही म्हणत नाही. घ्यायचे आहे ते त्या कामगारांचे शहाणपण.

कामावर वेग दुसऱ्याचा असतो. वाकणे, ओझे उचलणे, तासन् तास उभे राहणे यात कंबर आणि गुडघे झिजतात आणि विसावा मिळत नाही. मोकळे चालताना वेग आपला असतो, धाप लागली की थांबता येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. त्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. साखरेचा त्रास असलेल्यांनी बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत. उतारावर पावले छोटी टाकावीत. छातीत दुखले तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठावा.

महिन्यातून एक रविवार वस्तीतल्या दहा-बारा जणांनी मिळून जवळच्या टेकडीवर किंवा तलावाकाठी जावे. बसभाड्यासाठी भिशीसारखे थोडे थोडे पैसे आधी जमवावेत. बायकांना मात्र त्या दिवशीही चूल सुटत नसेल, तर ती सुट्टी निम्म्या घराचीच झाली. त्या दिवशीचा डबा घरातल्या पुरुषांनी करावा.

आणि एक मागणी नगरसेवकांकडे न्यावी. सकाळी सहाला कामावर निघणाऱ्यांना उपयोग होईल अशा वेळी बाग उघडी हवी आणि वस्तीबाहेरचा फुटपाथ चालण्याजोगा हवा. लॅट्रिगच्या वाटेसाठी माणसे एकत्र गेली, म्हणून ती उघडी राहिली. आपणही अर्ज एकेकट्याने देऊ नये, सगळ्यांच्या सह्यांनी द्यावा.