ग्रहण अरबस्तानात, कानोसा वऱ्हाडात

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे. चंद्राची गडद छाया त्या दिवशी उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया आणि येमेनवरून सरकेल. पश्चिम भारताच्या वाट्याला येईल ते खंडग्रास ग्रहण. श्रावणसरींच्या दिवसांत अमरावती-अकोल्यात पाहण्याजोगे फारसे काही उरणार नाही. मात्र ग्रहणाचा एक परिणाम ढगांना जुमानत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, रेडिओवर ऐकू येतो.

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर आयनांबर सुरू होते. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तेथील विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यातील सर्वांत खालचा ‘डी’ थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो जवळजवळ नाहीसा होतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी दूरवर पोहोचतात. दिवसा नागपूर केंद्रावर समाधान मानणाऱ्या वऱ्हाडातील श्रोत्याला रात्री शेकडो कोस दूरची केंद्रे सापडत, ती यामुळेच. ग्रहणात हीच रात्र तास-दोन तासांपुरती भरदिवसा अवतरते. ‘डी’ थर विरळ होतो आणि दूरचे क्षीण आवाज वर येतात. सर्वांत उंचावरचा ‘एफ’ थर मात्र सावकाश ओसरतो. त्यामुळे लघुलहरींच्या वरच्या पट्ट्यांतील संदेश उलट मंदावतात. एकाच छायेचे हे दोन विरुद्ध परिणाम आहेत.

शास्त्रज्ञांनी या संधीचा उपयोग फार पूर्वीपासून केला. १९३२ च्या ग्रहणात आयनांबरातील ‘ई’ थराची घनता प्रकाशाबरोबरच घटल्याचे दिसले आणि तो थर सूर्यकणांमुळे नव्हे, तर मुख्यत: किरणांमुळे घडतो या मताला बळ मिळाले. भारतात १९८० आणि २०१० च्या ग्रहणांत थुंबा येथून अग्निबाण सोडून मोजमापे घेण्यात आली. २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी अतिनीच वारंवारितेचे संदेश नोंदवले गेले.

वऱ्हाडाचे दैव या बाबतीत थोडे विचित्र आहे. ११ ऑगस्ट १९९९ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कच्छकडून वऱ्हाडाच्या आसमंतातून आंध्र किनाऱ्याकडे गेला, पण दिवेलागणीच्या तोंडावर. २२ जुलै २००९ चे ग्रहण सूर्योदयाच्या वेळी आले, २५ ऑक्टोबर २०२२ चे सूर्यास्ताला. या वेळी आयनांबर स्वत:च कूस बदलत असते. ग्रहणाचा परिणाम कोणता आणि संधिप्रकाशाचा कोणता, हे वेगळे काढणे अवघड. २१ जून २०२० चे खंडग्रास ग्रहण मात्र ऐन दुपारच्या सुमारास पडले होते.

२०२७ ची संधी त्याहून वेगळी आहे. रेडिओलहरीच्या दृष्टीने श्रोत्याच्या माथ्यावर काय घडते यापेक्षा लहर ज्या आकाशातून येते तेथे काय घडते, हे महत्त्वाचे. भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास छाया सौदी अरेबियावर असेल. पश्चिम आशियातून लघुलहरींवर येणारे संदेश त्याच आकाशातून वाट काढतात. अकोल्यात सूर्यबिंबाचा लचका नावापुरताच तुटला, तरी तेथील रेडिओवर अरबस्तानातील अंधाराची चाहूल लागू शकते.

ग्रहण आले की मोबाइल बंद ठेवण्याचे सल्ले फिरू लागतात. ते निराधार आहेत. मोबाइलचे संदेश मनोऱ्यावरून थेट येतात आणि एफएमलाही आयनांबराच्या आरशाची गरज नसते. जीपीएसचे संकेत मात्र आयनांबर भेदून येतात व त्यात रेंगाळतात. पण ग्रहणात इलेक्ट्रॉन कमीच होत असल्याने हा विलंब सहसा घटतो. विमानांसाठीच्या ‘गगन’ प्रणालीला असे चढउतार सतत हिशेबात धरावे लागतात, म्हणून या नोंदींचे मोल केवळ हौसेपुरते नाही.

अमेरिकेत २०१७ आणि २०२४ च्या ग्रहणांत हौशी रेडिओचालकांनी परस्परांशी संपर्क साधत हजारो नोंदी जमवल्या. अमरावती-अकोल्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना लघुलहरींचा एक साधा संच, तार आणि संगणक एवढ्यावर त्या धर्तीचे काम करता येईल. अट एवढीच की, केवळ २ ऑगस्टला कान लावून भागणार नाही. त्याच केंद्राची, त्याच तासांतील नोंद आधीचे काही दिवस आणि नंतरचेही काही दिवस हाताशी हवी.