परीक्षा झाली, वर्ग बंद! आजी-आजोबांच्या शिकण्याचं पुढं काय?

सातारा : रविवार असूनही जिल्हा परिषदेची शाळा उघडी आणि बाकांवर पोरांऐवजी नऊवारीतल्या आज्या, टोपीवाले आजोबा. १७ मार्च २०२४ आणि नंतर २३ मार्च २०२५ या दोन रविवारी राज्यातल्या गावागावांत हे चित्र दिसलं. निमित्त होतं केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेचं. परीक्षेला बसलेल्या आज्यांचे फोटो मोबाईलवर फिरले, कौतुकही झालं.

पण खरा प्रश्न परीक्षेनंतरचा आहे. सोमवारी त्या आजीनं कुठं जायचं? वर्ग संपला, शिकवणारा स्वयंसेवक आपल्या कामाला लागला, पुस्तिका फडताळात गेली. सही करता यायला लागली हे खरं, पण पुढं वाचायला काय, शिकायला काय, कुणाबरोबर बसायचं, याचं उत्तर बहुतेक गावांत नाही.

योजनेत काय लिहिलंय?

‘उल्लास’ ही योजना २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षांची. खर्चाची तरतूद सुमारे १,०३८ कोटी रुपये. १५ वर्षांवरच्या ज्या कुणाला लिहिता-वाचता येत नाही, त्या सगळ्यांसाठी ती आहे, वरची वयोमर्यादा नाही. शिकवणारा स्वयंसेवक, तोही बिनपगारी. परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की पास.

योजनेचे भाग मात्र पाच आहेत : पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. यातल्या पहिल्या भागाची परीक्षा होते, आकडे वर पाठवले जातात. शेवटचा भाग, निरंतर शिक्षण, म्हणजे शिकलेलं टिकावं आणि वाढावं म्हणून पुढं चालू ठेवायची सोय. कागदावर ती आहे. गावात ती शोधावी लागते. योजनेची मुदत २०२७ मध्ये संपते आहे, म्हणून हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

साताऱ्यानं हे आधी पाहिलंय

प्रौढांना शिकवण्याची मोठी चळवळ याच जिल्ह्यातून उभी राहिली होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती राज्यभर नेली गेली. गावातल्या शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी पैसे न घेता शिकवलं. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा.

त्या मोहिमेचं यश मोठं होतं आणि तिची दुखरी बाजूही तेवढीच स्पष्ट होती. समारंभ झाल्यावर हातात वाचायला काही राहिलं नाही, तिथं माणसं शिकलेली अक्षरं पुन्हा विसरली. शेतातलं पीक पाण्याविना जसं सुकतं तसं हे. पेरणी झाली, पाणी द्यायला कुणी राहिलं नाही. आज पासष्ट वर्षांनंतर ‘उल्लास’पुढं तोच धोका उभा आहे.

गावात ‘निवृत्त’ म्हणजे कोण?

शहरात निवृत्ती म्हणजे अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी नोकरी संपणं. गावात शेतकऱ्याला निवृत्ती नसते. गुडघे बोलायला लागले की तो औत पोराच्या हाती देतो, पण वैरणकाडी आणि राखण सुटत नाही. बाईला तर कधीच सुट्टी नाही. सुनेच्या हाती चूल दिली तरी नातवंडं सांभाळायची असतात.

तरीही खेड्यात निवृत्तांची संख्या वाढते आहे. पाटण, जावळीतले अनेकजण मुंबईत माथाडी म्हणून राबले आणि आता गावी परतलेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी फौजी, लष्करातून लवकर निवृत्त झालेली माणसं आहेत. माण-खटावमधून गलाई व्यवसायासाठी देशभर गेलेली मंडळीही उतारवयात गावाकडं येतात. शिवाय शिक्षक, एसटीचे चालक-वाहक, पोस्टमन, नर्सबाई आहेतच. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे लोक सुमारे १ कोटी ११ लाख होते, म्हणजे दहामागं जवळपास एक. तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेलेल्या गावात हे प्रमाण डोळ्यांना दिसतंच. चावडीवर, पारावर, देवळाच्या ओसरीवर बसलेली ही माणसं दिवस कसा घालवतात, याचा विचार कुठल्याच आराखड्यात नसतो.

न शिकण्याची किंमत

‘या वयात शिकून काय कलेक्टर व्हायचंय?’ असं सहज म्हटलं जातं. पण आज न शिकण्याची किंमत रोख मोजावी लागते.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पीएम किसानला ई-केवायसी लागते. पेन्शनरांचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. म्हणजे हक्काचा पैसा मिळवायला मोबाईल, आधार आणि बँक या तिन्हींची भाषा समजायला हवी. ती येत नसेल, तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातात फोन द्यायचा आणि ओटीपीही त्यालाच सांगायचा.

इथंच चोर शिरतो. योजनेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावानं आलेली ‘एपीके’ फाईल उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडं जाऊ शकतो. ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन पैसे उकळले जातात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही, हे खुद्द पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सांगावं लागलं. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, एवढं एक वाक्य पक्कं झालं तरी एखाद्याची वर्षाची पुंजी वाचेल. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हेही पाठ हवं. हरिपाठ अख्खा तोंडपाठ असलेल्या माणसांना हा चार आकडी नंबर अवघड नाही. तो कुणीतरी बसून सांगायला हवा.

फांगणेच्या आज्यांनी काय दाखवलं?

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे हे छोटं गाव. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं ८ मार्च २०१६ रोजी तिथं ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. गणवेश गुलाबी नऊवारी. गावात वाचन चालू असताना आपल्याला वाचता येत नाही ही बायकांची खंत होती, तिथून ही कल्पना निघाली.

देशभर बातम्या झाल्या त्या गुलाबी लुगड्यांच्या. पण बारकाईनं बघण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार ठेवली. सकाळची कामं आटोपलेली, संध्याकाळच्या चुलीला वेळ आहे, असा तो मोकळा वेळ. म्हणजे आज्यांनी शाळेच्या वेळेत यायचं असं न ठरवता, शाळेनं आज्यांच्या वेळेत भरायचं ठरवलं. गणवेशामुळं ‘आपण शाळेत जातोय’ हा मान मिळाला, लाज गेली. आणि वर्ग परीक्षेपुरता नव्हता, रोजच्या जगण्यात बसलेला होता.

शिकवणारे गावातच आहेत

फ्रान्समधल्या तुलूझ शहरात १९७३ मध्ये निवृत्तांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. १९८२ मध्ये ही कल्पना इंग्लंडात गेली तेव्हा तिथल्या लोकांनी तिला वेगळं वळण दिलं. प्राध्यापक नको, पदवी नको, परीक्षाही नको. ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं. आज शिकवणारा उद्या शिकणारा.

ही रीत आपल्या गावाला परकी नाही. भजनी मंडळात पखवाज असाच शिकला जातो. निवृत्त गुरुजी वाचन घेतील, पोस्टात काम केलेला माणूस खात्यातलं आणि ठेवीतलं सांगेल, निवृत्त नर्सबाई बीपी-शुगरच्या गोळ्या समजावेल, फौजी सकाळचा व्यायाम घेईल. मोबाईल मात्र नातवंडांनी शिकवावा, त्यात त्यांच्याइतका तरबेज कुणी नाही. उलट पोरांना बियाणं राखणं, जुनी मापं, घरगुती औषधं ही आज्यांकडून शिकता येतील.

जागेचाही फार प्रश्न नाही. राज्यात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं अनुदान मिळतं आणि यातली कितीतरी ग्रंथालयं खेड्यात आहेत. दुपारच्या वेळी तिथं पंखा असतो, वर्तमानपत्र असतं, माणसं कमी असतात. ग्रंथालय नसेल तर समाजमंदिर आहे, सुट्टीच्या दिवशी शाळेची खोली आहे.

सहल म्हणजे फक्त देवदर्शन नव्हे

ज्येष्ठांच्या प्रवासावर सरकार खर्च करतंच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. साठीपुढचे, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेले, एकदाच, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च. देवदर्शनाची ओढ खरी आहे, त्यात गैर काही नाही. वारीत चालणारा माणूस वाटेत केवढं पाहतो, ऐकतो!

पण तीर्थदर्शनाला नंबर लागेल तेव्हा लागेल. एसटीचा पास मात्र आजच खिशात आहे आणि तो बहुतेक वेळा दवाखाना, बाजार आणि लेकीचं घर एवढ्यावरच संपतो. महिन्यातून एकदा गावातले वीस ज्येष्ठ मिळून निघाले तर? महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ मे २०१७ पासून उघडं आहे, घराघरांत पुस्तकं ठेवलीत, बसून फुकट वाचता येतात. खटाव तालुक्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय १९३८ पासून आहे, तालुक्यातल्याच कित्येकांनी ते आतून पाहिलेलं नाही. साताऱ्यात शिवाजी महाराज संग्रहालय आहे. कराड तालुक्यातल्या काले गावात १९१९ मध्ये कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. परत आल्यावर कट्ट्यावर प्रत्येकानं पाहिलेलं सांगायचं, लिहिता येणाऱ्यानं चार ओळी लिहायच्या. झाला अभ्यास.

अडचणीही खऱ्या

हे सगळं सोपं आहे असं नाही. पहिली अडचण डोळ्यांची. मोतीबिंदू आणि नंबर वाढलेला चष्मा यामुळंच अनेकांनी वाचन सोडलेलं असतं. ‘आता डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्या कितीजणांना खरं तर दिसत किंवा ऐकू येत नसतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, तिचा उपयोग इथं होतो.

दुसरी अडचण मजुरीची. सुगीत हातावर पोट असणारी म्हातारी वर्गाला येणार नाही, तेव्हा वर्ग थांबवावा आणि नंतर पुन्हा भरवावा. तिसरी अडचण माणसांची. सगळा बोजा शिक्षकांवर टाकला तर ते वैतागतात. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता, तो याच कारणानं. आणि चौथी, जी कुणी बोलत नाही : पारावर पुरुषच बसतात. जागा ठरवताना बायकांना तिथं मोकळेपणी येता येईल का, वरच्या आणि खालच्या आळीतली दोन्हीकडची माणसं येतील का, हे आधी पाहावं लागेल. नाहीतर वर्ग पुन्हा चार ठरावीक माणसांचाच होईल.

ग्रामसभेत काय मांडता येईल?

यासाठी नव्या योजनेची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभेत एवढे पाच मुद्दे ठरावात घेता येतील :

• आठवड्यातून दोन दुपारी ज्येष्ठांसाठी एक ठरलेली खोली आणि ठरलेली वेळ.

• गावातल्या निवृत्तांची यादी, कुणाला काय येतं आणि कोण काय शिकवेल यासह.

• महिन्यातून एक तास मोबाईल, बँक आणि फसवणुकीवर. शिकवणार गावातलीच कॉलेजची मुलं.

• आरोग्य उपकेंद्राच्या मदतीनं वर्षातून एकदा डोळे आणि कान तपासणी.

• महिन्यातून एक एसटी सहल, आपल्याच जिल्ह्यात.

‘उल्लास’ची परीक्षा पास झालेल्यांची नावं शाळेत आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल. त्यांना प्रमाणपत्र मिळालंय, आता त्यांच्या हातात रोजचा पेपर द्यायचा आहे. अक्षर ओळख झालेल्या माणसाला पुढचं पान मिळालं नाही, तर दोन वर्षांनी तो पुन्हा अंगठ्यावर येतो. १९५९ च्या मोहिमेनं हे जिल्ह्याला शिकवलंय. तो धडा गिरवायचा की पुन्हा विसरायचा, हे मुंबई-दिल्लीत नाही, गावच्या चावडीवर ठरणार आहे.