लो-मेंटेनन्स जीव

"लहान हवं, मऊ हवं, कुशीत घेता यायला हवं आणि मेंटेनन्स कमी हवा." पाळीव प्राण्याबद्दल कुणी असं विचारलं की मला क्लायंटच आठवतो. सगळं हवं, कालच हवं होतं आणि बजेट शून्य! फरक इतकाच की इथलं प्रॉडक्ट श्वास घेतं.

आमच्या जुळे सोलापुरात अशी बरीच घरं आहेत. पोरं पुण्या-बेंगलोरला, आईबाबा दोघंच घरी. मग सोबत म्हणून त्यांना ससा, गिनीपिग नाहीतर हॅम्स्टर आणून द्यायची टूम निघते. कुत्र्याला फिरवावं लागतं, हे कसं पिंजऱ्यात सुटसुटीत!

मंडळी, माझं मत स्पष्ट आहे. हे तिघंही आपल्या गावासाठी नाहीत.

पहिलं कारण अर्थातच ऊन. पारा तिशीच्या पुढे गेला की ससा आणि गिनीपिग दोघांनाही त्रास व्हायला लागतो. घाम गाळून अंग गार करणं त्यांना जमत नाही. ससा अंगातली उष्णता बरीचशी कानांतून बाहेर टाकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी कधीच ओलांडतो. गार बिळात राहणाऱ्या जातीला आपण तापलेल्या स्लॅबखाली तारेच्या पिंजऱ्यात ठेवणार. बरं, एसी लावला, आणि लाईट गेली तर?

दुसरं, 'कमी मेंटेनन्स' ही शुद्ध थाप आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला त्याला दिवसभर सुकं गवत चघळावं लागतं. गाजराचं खूळ कार्टूनमधलं. आपल्याकडे सहज मिळणारा लसूणघास मोठ्या सशाला रोजचं जेवण म्हणून चालत नाही, त्यात कॅल्शियम फार. आणि ससा अर्धा दिवस जरी उपाशी राहिला तरी आतडी मंदावून जिवावर बेतू शकतं. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. शिवाय तो एकटा झुरतो, म्हणजे घ्यायची तर जोडीच. हॅम्स्टर रात्रभर चाक फिरवणार आणि दिवसा झोपणार. आईबाबांचं टाईमटेबल बरोबर उलटं! त्यात त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. लळा लागतो तोवर तो गेलेला असतो.

तिसरा मुद्दा कुशीचा. ससा हा शिकार होणारा प्राणी. कुणी उचललं की त्याला पकडल्यासारखंच वाटतं. हातात गप्प बसतो म्हणून आपण 'किती गोड' म्हणतो, पण बऱ्याचदा तो घाबरून थिजलेला असतो.

मग पाळायचं काय? माझं उत्तर: गावठी मांजर. तिचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या भागातली रानमांजरं, त्यामुळे ऊन तिला त्यामानाने सोसतं. सावली आणि पाणी मात्र हवंच. अंग स्वतः चाटून साफ ठेवते, घाण मातीत झाकते. तिच्यासाठी हजारो रुपये मोजावे लागत नाहीत. फक्त पर्शियनच्या नादी लागू नका, ते लांब केस आणि चपटं नाक सोलापुरात म्हणजे शिक्षा.

खर्च इथेही आहे. रेबीजची लस, नसबंदी, वेळेवर खाणं. मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगते. कुशीत ती येणार तेव्हाच, जेव्हा तिच्या मनात असेल. पण आलीच तर आपल्या मर्जीने आलेली असते, हे काय कमी आहे?

शेवटचं, आणि जरा टोचणारं. आईबाबांना जीव सरप्राईज म्हणून देऊ नये. पहाटे उठून त्याचं करणार ते, दवाखान्यात नेणार ते, आणि तो गेला की रिकाम्या घरात रडणारही तेच. त्यांना आधी विचारा. कदाचित त्यांना मांजर नकोच असेल. तुम्ही महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेस पकडून घरी यावं, एवढंच हवं असेल. तेवढा मेंटेनन्स आपल्याला जमायला हवा, नाही का?